ओस्लोत २१ दिवस, वॉर्डात ९

फेब्रुवारीत चौथ्या वर्षाच्या चार मुली घेऊन नर्सिंग एक्स्चेंजसाठी ओस्लोला जाऊन आले. कागदावर होतं ‘तीन आठवडे क्लिनिकल’. वॉर्डात उभं राहायला मिळालं ९ दिवस. बाकीचे दिवस कुठे गेले ते लिहितेय, कारण कॉलेजच्या अहवालात फक्त हसरे फोटो आहेत.

त्यातले बरेच गेले नाकातल्या स्वॅबपायी.

नॉर्वेत नियम असा: मागच्या १२ महिन्यांत नॉर्डिक देशांबाहेरच्या हॉस्पिटलात ज्यानं काम केलंय किंवा जो तिथे ॲडमिट होता, त्याचा एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू) निगेटिव्ह आल्याशिवाय त्याला पेशंटजवळ सोडत नाहीत. आपल्याकडे एमआरएसए हा घरचाच पाहुणा, कल्चरमध्ये आला तरी कुणी दचकत नाही. त्यांच्याकडे तो फार कमी आहे, आणि दारातच अडवतात हे त्याचं एक कारण आहे. हे पटतं. चिडचीड झाली ती वेगळ्या कारणानं. आम्ही सांगलीहून निघण्याच्या महिनाभर आधी स्वॅब देऊन, रिपोर्ट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेले होते. तिथल्या इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरनं ते शांतपणे वाचले आणि विचारलं, “यानंतर ड्यूटी केली का?” केली की! निघायच्या तीन दिवस आधीपर्यंत मुली सर्जिकल वॉर्डात होत्या. झालं, रिपोर्टची रद्दी. पुन्हा नाक, घसा, जांघ असे स्वॅब, आणि निकाल येईपर्यंत लायब्ररी. सोमवार ते शुक्रवार, पाच दिवस. खिडकीबाहेर बर्फ, आत आम्ही पाचजणी पॉवरपॉइंट बघत.

तेव्हा पुढच्यांनी असं करा: शेवटची ड्यूटी निघण्याच्या किमान दहा दिवस आधी संपवा, स्वॅब त्यानंतर द्या, आणि रिपोर्ट इंग्रजीत, तारीख ठळक असलेला घ्या. हा रिपोर्ट चालेल का, हे तिथल्या विभागाला ईमेल करून लेखी विचारा. ‘चालेल हो मॅडम’ म्हणणाऱ्या एजंटाला विचारू नका.

टीबीचंही तसंच. बीसीजीची लस घेतलेल्यांची मॅन्टू (टीबीची कातडीवरची टेस्ट) फुगू शकते, म्हणून ते टीबीसाठी रक्ताची इग्रा टेस्ट बघतात. आमच्या एकीची पॉझिटिव्ह आली. आपल्याकडे कित्येकांची येईल. म्हणजे आजार आहे असं नाही, पण एक्स-रे आणि डॉक्टरची भेट आली, तिचे आणखी दोन दिवस गेले. पोरगी रात्री रडली. छातीचा ताजा एक्स-रे आणि त्याचा रिपोर्ट सोबत ठेवा, रडणं वाचेल.

आता एजंट. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो. वर व्हिसा केंद्राचा थोडा सेवाशुल्क आणि ३०,००० युरो कव्हरचा प्रवास विमा. एवढाच खेळ आहे. आमच्याकडून ‘डॉक्युमेंटेशन’च्या नावाखाली त्याच्या दुपटीहून जास्त काढले. फॉर्म शेवटी मीच भरले, रात्री दोन वाजता. स्वतः करा.

विमानतळावरही एक सापळा आहे. गार्डेरमोएनला उतरलात की फ्लायटोगेट नावाची चकचकीत एक्स्प्रेस समोरच दिसते. त्याच शहरात वी कंपनीची साधी गाडी जवळपास निम्म्या तिकिटात जाते, वेळ चारेक मिनिटंच जास्त. आम्ही पाचजणी, बॅगा, थकवा, आणि बसलो चकचकीत गाडीत. एक क्रोनर तेव्हा आठेक रुपयांचा. हिशोब मी अजून केलेला नाही, करणारही नाही.

वॉर्डातलं खरं सांगायचं तर इंजेक्शन, कॅन्युला, कॅथेटर काहीही करायला मिळत नाही. नुसतं बघायचं. ड्यूटी बदलतानाचा हँडओव्हर नॉर्वेजियनमध्ये, कुणी इंग्रजीत सांगितलं तर मेहेरबानी. हात बसवायचा असेल तर सिव्हिलमध्येच थांबा, तिथे एका ड्यूटीत वीस शिरा मिळतील. बघण्यासारखं मात्र आहे. छतावरच्या रुळाला लटकलेल्या यंत्रानं नव्वद किलोचा पेशंट एकटी सिस्टर उचलते. आपल्या मावश्यांच्या कमरा आठवल्या. डॉक्टरला पहिल्या नावानं हाक. आणि कॉटजवळ एकही नातेवाईक नाही! माझ्या मुली पहिल्या दिवशी विचारत होत्या, “मॅडम, याचं कोणीच नाही का?” दोन दिवस सिकेहेममध्ये, म्हणजे वृद्धांची राहून देखभाल करतात तिथे, ठेवलं होतं. मुलींनी तोंड वाकडं केलं, पण सगळ्यात जास्त शिकल्या तिथेच.

अंगठी, घड्याळ, बांगड्या, नखांना रंग काहीही चालत नाही. कोपराखाली हात मोकळा हवा. लग्न झालेल्यांनी बांगड्यांचा विषय घरी आधीच मिटवून निघावं. युनिफॉर्म हॉस्पिटलच देतं आणि तिथेच धुतं, इथून पांढरे ड्रेस इस्त्री करून नेऊ नका. आम्ही नेले. दहा किलो.

बर्गनला शनिवार-रविवारी जाऊन आलो, रेल्वेनं सातेक तास. छान आहे.

बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना बांधायचे खिळे, त्यांना ब्रॉडर म्हणतात, पहिल्याच दिवशी घ्या. मी तिसऱ्या दिवशी घेतले, दुसऱ्या दिवशी पडल्यावर. कार्ड सगळीकडे चालतं, रोख नोटा न्यायच्या भानगडीत पडू नका. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं प्या. आणि तूप, पेढे, पनीर काही नेऊ नका. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं नेलं होतं, तेवढ्यावर लायब्ररीतले पाच दिवस निघाले.