अजिंठ्यातला निळा आणि टोपीवाले पाहुणे

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात छताकडे मान वर केली, की टोपी घातलेला, पायांत मोजे असलेला एक दाढीवाला हातात प्याला घेऊन बसलेला दिसतो. इराणी वाटतो, असेलही. पण नुसत्या चेहऱ्यावर भिस्त ठेवली की फसगत होते. याच लेण्यातल्या दरबाराच्या चित्रावरून वास्तुकलेचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ साली ठरवून टाकलं, की त्यातला पाहुणा म्हणजे चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीकडे आलेला इराणच्या खुस्रो राजाचा वकील, म्हणजे राजदूत. पुलकेशी सातव्या शतकातला. चित्रं मात्र बहुतेक अभ्यासक पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळची मानतात. आता ते जातककथेचं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या गोष्टीचं, चित्र समजलं जातं. गाइडच्या तोंडी मात्र वकील अजून येतोच.

त्यापेक्षा रंग बघा. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना हे आसपासचं. हिरवी माती तर याच डोंगराच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांत मिळते. निळा मात्र लाजवर्द या निळ्या दगडाचा (लॅपिस लाझुली), म्हणजे थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींचा. नऊ-दहा नंबरच्या लेण्यांतल्या इसवी सनापूर्वीच्या जुन्या थरात तो नाही, पाचव्या शतकातल्या चित्रांत आहे. हा दगड वाटणंही नाजूक काम. फार बारीक झाला की निळेपणा जातो, राखाडी भुकटी उरते. इतक्या लांबून आणलेला रंग असा वाया घालवणं कुणाला परवडणार?

एक अडचण आहे. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांची डागडुजी करून घेतली, तेव्हा शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, हात फिरवला गेला. तो पिवळा पडला. पिवळ्याखालचा निळा हिरवट भासतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी लाजवर्द ओळखायला जाऊ नका.

भिंतीचा गिलावा मात्र पक्का गावठी: माती, गवत, भाताचा भुसा, वर चुन्याचा पातळ हात. रंग सरसात (डिंकासारख्या चिकट द्रवात) कालवून कोरड्यावर लावलेले, म्हणून ओल लागली की पोपडे सुटतात. भुसा किड्यांनी खाल्ला. वेरूळच्या गिलाव्यात गांजाचे तंतू सापडलेत, तिथे कीड कमी.

सतराव्या लेण्यात अंतराळाच्या, म्हणजे गाभाऱ्यापुढच्या खोलीच्या, भिंतीपाशी जरा थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या (फ्लॅश चालत नाही, आणि सोमवारी लेणी बंद). बुद्ध स्वर्गातून उतरून उपदेश करतोय. ऐकणाऱ्यांत उंच टोपीवाले परदेशी घोड्यांवर आहेत, स्थानिक राजेरजवाड्यांच्याच गर्दीत.