ग्वाल्हेर – ४ तास

आमच्याकडे सहलीचं नियोजन मी करतो. ते काम मला कुणी दिलेलं नाही, पण कुणी काढूनही घेतलेलं नाही. डिसेंबरात दिल्ली, आग्रा, फत्तेपूर सिक्री, ग्वाल्हेर, ओर्छा आणि झाशी एवढं सगळं सहा दिवसांत बसवलं होतं. एक्सेलमध्ये. प्रत्येक गावाला वेगळा रंग. बायको त्याला रांगोळी म्हणायची.

निघायच्या आठवडाभर आधी आईने त्याची प्रिंट मागितली. आई एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. कागद हातात आला की तिचा दुसरा हात आपोआप पेन शोधतो. तिने चष्मा सारखा केला, ‘ग्वाल्हेर – ४ तास (किल्ला, जयविलास राजवाडा, जेवण)’ या ओळीवर पेन टेकवलं आणि विचारलं, "यात शून्य कुठाय?"

मला वाटलं खर्चाच्या रकान्यात काहीतरी चुकलंय. तिने पर्समधून पेपरचं कात्रण काढलं. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर म्हणून एक लहानसं देऊळ आहे, तिथल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० हा आकडा कोरलाय, आजच्यासारखाच, शून्यासकट.

"किल्ल्यातच आहे ना? मग होईल की," असं म्हणून मी विषय संपवला. नकाशा उघडूनही पाहिला नाही.

दिल्लीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आम्ही गारठलो. गुरुवारी सकाळची गाडी धुक्याने साडेपाच तास उशिरा आली आणि आग्र्यात पोचलो तेव्हा ताजमहालाचे दरवाजे बंद व्हायची वेळ झाली होती. शुक्रवारी ताज बंद असतो. हे मला माहीत होतं, म्हणून तर गुरुवार धरला होता. पण डिसेंबरात उत्तरेतली गाडी वेळेवर येईल असं धरून चालणाऱ्या माणसाने एक्सेल वापरू नये. शुक्रवारी यमुनेपलीकडच्या मेहताबबागेत जाऊन पाहिलं. दाट धुक्यात पांढरा ताज म्हणजे दुधात पडलेली साखर, आहे असं समजायचं. बायको सिक्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. सिक्रीत तिथल्या गाइडांनी इतकं भंडावलं की त्यांना हुसकावण्यासाठी तिला माझ्याशी बोलावं लागलं.

शनिवारी ग्वाल्हेर. लष्कर भागात एका मराठी कुटुंबाच्या घरी दोन खोल्या मिळाल्या होत्या. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे तळ दिला, तेच हे लष्कर. घरच्या काकूंची मराठी ऐकून लेक पहिल्यांदा हसली आणि मग दिवसभर तसंच बोलत राहिली. "आधी पोहे खाऊन घ्या, मग किल्ला बघून घ्या," असं सगळं ‘घेऊन’ टाकणारी मराठी. पोह्यांवर शेव, वर चहा, त्यावर पुन्हा चहा. आग्रह असा की माझे पाऊण तास तिथेच गेले. आईला मात्र मजा येत होती. तिला त्यांनी ‘ताई’ म्हटलं होतं आणि कुठल्या गावच्या, माहेरचं आडनाव काय, हे सगळं काढून झालं होतं.

ड्रायव्हरला मी गाडी उरवाई दरवाजाने वर घ्यायला सांगितली, कारण वाहनं त्या बाजूने थेट वर जातात. वाटेत कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती लागतात. बाबराच्या हुकमाने त्यांची नाकंतोंडं फोडलेली आहेत. वर मानसिंह तोमराचा महाल, त्याच्या भिंतीवर निळ्या फरशांत पिवळी बदकं. पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या त्या दगडी दरडावणीत ती बदकं इतकी निरागस दिसतात की लेकीने फक्त त्यांचेच फोटो काढले.

मग मी महालाच्या दारातल्या चौकीदाराला शून्याबद्दल विचारलं. त्याने हात उजवीकडे केला आणि खाली केला. "ज़ीरो वाला मंदिर? वो तो नीचे है साहब, पैदल वाले रास्ते पर. गाडी नहीं जाती."

म्हणजे ते किल्ल्याच्या पूर्वेच्या जुन्या चढणीवर, हाथी पोल हा दरवाजा ओलांडून बरंच खाली. आम्ही पश्चिमेकडून आलेले, गाडी पश्चिमेला उभी. दगडी उतार चांगलाच आणि आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मी म्हटलं, "आई, राहू दे, नेटवर फोटो आहेत."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. नातीच्या खांद्यावर हात ठेवला आणि उतरायला लागली. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, कठड्यावर टेका. शेजारून शाळेची पोरं धडाधडा पळत खाली जात होती. मी मागून पिशवी घेऊन, मनात जयविलासच्या तिकीट खिडकीची वेळ मोजत.

देऊळ एवढंसं आहे. एकाच खडकातून कोरून काढलेलं, कुणी सांगितलं नाही तर वाटेवरची चौकी समजून पुढे जाल. आत अंधार, वटवाघळांचा वास. मी मोबाइलचा टॉर्च धरला. लेखाच्या ओळी किरट्या, एकमेकींना चिकटलेल्या, आणि पाच मिनिटं आम्हा कुणालाच काही सापडेना. मग आईने टॉर्चवाला माझा हात धरून बाजूला नेला, उजेड तिरका पडला आणि अक्षरं उठून दिसली.

"हे बघ. दोन. सात." तिचं बोट भिंतीपासून इंचभर लांब, फळ्यावर दाखवताना असायचं तसं. "आणि हे."

शेजारच्या आकड्यांच्या मानाने ते शून्य फारच बारीक होतं. तिळाएवढं म्हणा. आई जरा नाराजच झाली. "किती लहान काढलंय! मी पोरांना म्हणायची, शून्य असं काढा की मागच्या बाकावरून दिसलं पाहिजे."

लेख आहे साधा दानाचा. अल्ल नावाच्या किल्लेदाराने देऊळ बांधलं, आणि गावाने फुलबागेसाठी २७० हात लांब, १८७ हात रुंद जमीन दिली. देवाला रोज ५० हार मिळावेत म्हणून. आईने तिथेच, अंधारात, तोंडी गुणाकार केला. "पन्नास हजार चारशे नव्वद चौरस हात. पन्नास हारांना पुरे झालं. पण झेंडू नसणार हं, तो नंतर अमेरिकेतून आला."

लेकीने विचारलं, "आजी, हे जगातलं पहिलं शून्य?" कात्रणात तसंच छापलेलं होतं. पण आईने तेव्हाच समासात पेनाने लिहून ठेवलं होतं, ‘कंबोडिया, ६८३’. तिथल्या लेखात शून्याच्या जागी टिंब आहे, आणि ते याच्याहून जवळजवळ दोनशे वर्षं जुनं. "पहिलं नाही गं," ती म्हणाली. "पण वाचता येणारं आहे."

आम्ही तिथे तासभर होतो. वर चढून जाणं शक्यच नव्हतं, म्हणून तसेच खाली पायथ्याच्या गुजरी महालापर्यंत उतरलो आणि ड्रायव्हरला अख्ख्या गावाला वळसा घालून यायला सांगितलं. हजिरा भागातल्या गर्दीतून त्याला पन्नास मिनिटं लागली. तो सगळा वेळ आई पायरीवर बसून गुडघे चोळत होती आणि मी विनाकारण एक्सेल उघडबंद करत होतो. जयविलासची वेळ टळली. जेवणाच्या टेबलावरून धावणारी चांदीची आगगाडी लेकीला पाहायची होती, ती राहिली, आणि याबद्दल मला अजून टोमणे मिळतात.

ओर्छा, झाशी पाहिलं. ओर्छ्याच्या रामाला राजा म्हणून बंदुकधारी पोलिसांची सलामी असते, ती पाहिली. झाशीहून झेलम एक्स्प्रेसने परत. शेजाऱ्यांसाठी म्हणून काकूंनी बांधून दिलेली मोरेनाची गजक होती, तीळ-गुळाची, बोट लावलं की चुरा होणारी. तो डबा भुसावळच्या आत आम्हीच संपवला. आईने रिकाम्या डब्याच्या झाकणावर पेनाने २७० लिहिलं, शून्य चांगलं ठसठशीत काढलं आणि नातीला म्हणाली, "तिथे असं हवं होतं."