उत्तरायणात वटवाघळांच्या दवाखान्यात

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, 15 जानेवारीच्या सकाळी सारं बडोदं गच्चीवर होतं. मी दांडिया बाजारातल्या मावशीकडे पतंगांसाठीच आले होते, पण मावसबहिणीने मला तिच्या ओळखीच्या स्वयंसेवकांकडे नेलं. मांजाने कापलेल्या पक्ष्यांची शिबिरं ठाऊक होती. इथे मात्र फक्त वटवाघळं आणतात.

एका जुन्या बंगल्यामागच्या दोन खोल्या. एक अंधारी, जखमींसाठी. दुसरी शाळेतल्या मुलांना दाखवायला, शिकवायला. नोकऱ्या आणि कॉलेजं सांभाळून ही मंडळी पाळ्या लावतात.

आम्ही पोचलो तेव्हा रात्री आणलेल्या एका मोठ्या फळखाऊ वटवाघळाच्या पंखातून मांजा सोडवणं चाललं होतं. पंख उघडले तर चार फुटांच्या घरात, मानेभोवती तांबूस सोनेरी केस आणि टपोरे, सावध डोळे. ही जात आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून उडत नाही, डोळ्यांनी आणि वासाने वाट काढते. अंधार पडताना ती चरायला निघते, नेमके त्याच वेळी शेवटचे पतंग आकाशात असतात. काच लावलेला बारीक दोरा त्या उजेडात तिला दिसणार कसा?

एका ताईंनी जाड चामडी हातमोजे घालून त्या वटवाघळाचं डोकं टॉवेलात धरलं होतं. शेजारचे काका बोथट टोकाच्या कात्रीने दोऱ्याचा एकेक पदर कापत होते. ओढायचा नाही, कारण ओढला की पंखाचा पातळ पडदा आणखी फाटतो.

"पडद्याचं भोक भरून येतं, त्यात रक्त खेळतं असतं," काका म्हणाले. "हाड मोडलं की मात्र कठीण. आणि ही मादी आहे, बहुतेक गाभण."

जानेवारीत यांच्या बऱ्याच माद्या गाभण असतात, आणि पिल्लू वर्षाला एकच होतं. हे कळल्यावर मला तिथून हलवेना. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची लस आधीच घेतलेली आहे. ज्याने घेतली नाही त्याला हात लावू देत नाहीत. मला दारातूनच बघू दिलं, आणि ही शिस्त मला फार आवडली.

दुसऱ्या खोलीत एक तरुण मुलगी पोरांना पंख समजावत होती. "हात पसरा. आता चार बोटं लांबच लांब झाली, मध्ये पातळ कातडी आली, आणि अंगठा आकड्यासारखा मोकळा राहिला." निपाहचा, म्हणजे वटवाघळांकडून माणसात येऊ शकणाऱ्या विषाणूचा, प्रश्न एका आजींनी विचारला. तिने सरळ उत्तर दिलं: "अर्धवट खाल्लेलं फळ खायचं नाही आजी, आणि वटवाघळाला उघड्या हाताने शिवायचं नाही. झाडावरून हाकलून काहीच साधत नाही." मग तिने गणपतपुऱ्याच्या गोरखचिंचेचा, म्हणजे बाओबाबचा, फोटो दाखवला. पादरा तालुक्यातलं हे जुनं झाड बडोदेकरांच्या ओळखीचं. गोरखचिंचेची फुलं रात्री उमलतात आणि परागीभवनाला फळखाऊ वटवाघळं लागतात. मोहाच्या फुलांवरही तीच येतात. वड, पिंपळ, उंबराच्या बिया तर ती दूरदूर टाकत जातात.

इतक्या उपयोगाच्या प्राण्याला आपल्या वन्यजीव कायद्याने वर्षानुवर्षं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवींच्या यादीत ठेवलं होतं. 2022च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. माणसांच्या मनातली अशुभाची भीती कायद्याने जाणार नाही, त्यासाठी अशा खोल्या गावोगाव हव्यात.

दुपारी काही जण बांबूंना आकडे बांधून झाडांवरचे गुंते काढायला निघाले, तेव्हा आम्हीही गेलो. मला हे काम उपचारांइतकंच मोलाचं वाटलं. सण दोन दिवसांत संपतो, पण फांद्यांत अडकलेला दोरा महिनोन्महिने तसाच राहतो. नायलॉनच्या मांजावर 2017 पासून बंदी आहे, तरी पिशवीत तोही आला. मावशीच्या सोसायटीतली मुलंही सोबत आली आणि त्यांनी आपल्या आवारातल्या आंब्यापासून सुरुवात केली.

पहाटे आणि संध्याकाळी पतंग उडवू नका, असं जखमी पक्ष्यांना वाचवण्याच्या गुजरातच्या करुणा अभियानात दरवर्षी सांगतात. तेवढं ऐकलं तरी पुष्कळ जीव वाचतील. जखमी वटवाघूळ दिसलंच तर उघड्या हाताने उचलू नका, पाणी पाजायला जाऊ नका. टोपली किंवा भोकं पाडलेलं खोकं त्याच्यावर पालथं ठेवा, कुत्री-मांजरं लांब ठेवा आणि गुजरातेत असाल तर प्राण्यांच्या रुग्णवाहिकेच्या 1962 या नंबरवर फोन करा.