फाइलवर 11 मार्च, मुदत मात्र आजच

10 मार्च 2025, सोमवार. सकाळी साडेनऊला चेक बाउन्सची एक फाइल ऑफिसात आली. नोटीस आधीच्या वकिलांनी पाठवलेली, तक्रार दाखल करायची राहिलेली. कव्हरवर पेन्सिलीने 'शेवटची ता. 11 मार्च'. पक्षकार निवांत होता, उद्याचा दिवस हातात आहे असं धरून चाललेला. माझ्या बोर्डवर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, सहा प्रकरणं होती आणि एका दिवाणी दाव्यात उलटतपास अर्धा झालेला.

दुसऱ्याने मोजलेल्या मुदतीवर विसंबायचं नाही, मूळ कागद समोर घेऊन पुन्हा मोजायची. पाच मिनिटांचं काम आहे. बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे चेक न वटता परत आल्याची चिठ्ठी, मिळाला 3 जानेवारीला. तिथून नोटीस द्यायला 30 दिवस, म्हणजे 2 फेब्रुवारीपर्यंत. नोटीस 20 जानेवारीला रजिस्टर पोस्टाने गेलेली, ठीक. आरोपीला पोचली 24 जानेवारीला. तो दिवस सोडून 15 दिवस, म्हणजे 8 फेब्रुवारी. तोवर पैसे आले नाहीत, म्हणून तक्रारीला कारण घडलं 9 फेब्रुवारीला. इथून पुढे चेक बाउन्सच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम 142 एक महिना देतं, 30 दिवस नव्हे, आणि तो महिना कॅलेंडरचा. 9 फेब्रुवारी वगळून मोजलं की मुदत 9 मार्चला संपते. कारण घडल्याचा दिवस वगळायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने साकेत इंडिया प्रकरणात 1999 साली सांगितलं आणि 2013 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

पेन्सिलवाल्याने 30 दिवस मोजले होते. फेब्रुवारी 28 दिवसांचा, त्यामुळे तो 11 मार्चला पोचला. जुलैत हीच चूक केली तर तारीख एक दिवस अलीकडची निघते आणि कुणाचं काही बिघडत नाही. म्हणूनच ही सवय एखाद्या ऑफिसात वर्षानुवर्षं टिकते.

9 मार्च रविवार. न्यायालय बंद असल्याने उघडण्याचा पहिला दिवस चालतो, म्हणजे आजचाच. विलंब माफ करण्याची सोय कलमात आहे, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं, आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं आणि त्यातच काही महिने जातात.

तक्रारीच्या मसुद्याला हात लावण्याआधी हद्द पाहिली, म्हणजे तक्रार कुठल्या न्यायालयात चालेल ते. 2015 च्या दुरुस्तीनंतर, चेक खात्यात भरला असेल तर पक्षकाराचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं न्यायालय. शाखा आमच्याच तालुक्यातली निघाली. दुसऱ्या तालुक्यातली असती, तर आधी गाडी काढावी लागली असती.

नवे वकील अशा वेळी हमखास मसुदा लिहायला बसतात. तो दोन वाजता सुरेख तयार होतो आणि नोटरी जेवायला गेलेले असतात. ज्या कामाला दुसऱ्या माणसाची गरज आहे ते आधी सुरू करायचं, स्वतःच्या बोटांवरचं नंतर. पक्षकाराने चेकची झेरॉक्स आणली होती, मूळ चेक दुकानाच्या कपाटात. त्याला तसाच परत पाठवलं. नोटरींना फोन करून साडेबाराची वेळ घेतली. चेकच्या रकमेवरची कोर्ट फी ऑनलाइन भरायला ज्युनिअरला लावलं, कारण ती साइट दुपारी दमते. मसुद्याला मग चाळीस मिनिटं पुरली.

बोर्डवरच्या सहापैकी चार प्रकरणं फक्त पुढची तारीख घेण्यापुरती. ती ज्युनिअरकडे, प्रत्येकाची चिठ्ठी करून: टप्पा कोणता, न्यायाधीशांनी विचारलं तर काय सांगायचं, कोणती तारीख घ्यायची नाही. तिसरी ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत आणि मग एकाच दिवशी दोन प्रकरणांत साक्षीपुरावा येऊन पडतो. पाचव्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायची होती. 30 दिवस उलटलेले, 90 च्या आत, सोबत उशीर माफ करण्याचा अर्ज तयार. हा दावा व्यावसायिक असता तर 120 दिवसांनंतर तो हक्कच गेला असता.

उरला उलटतपास. आमच्याकडे अकराला सगळ्या बोर्डचा पुकारा होतो आणि पुराव्याची प्रकरणं त्यानंतर. त्यामुळे अकरा ते बारा हा वेळ वकिलाचा स्वतःचा असतो, फक्त कोर्टाच्या आवारात राहून वापरायचा. मसुदा बाररूममध्ये तपासला. समोरच्या वकिलांना दहालाच कळवलं होतं की मी तारीख मागणार नाही. नाहीतर ते साक्षीदाराला घरी पाठवून मोकळे होतात.

इंटर्न एलएलबीच्या शेवटच्या वर्षाची. तिच्याकडे पृष्ठांक, कागदपत्रांची यादी आणि संच: एक न्यायालयाचा, एक आरोपीचा, एक ऑफिसचा. फाइल दाखल करायच्या खिडकीवरून परत येते ती कायद्याच्या मुद्द्यावर क्वचितच. यादीतला पृष्ठांक जुळत नाही, वकीलपत्रावर वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट नाही, झेरॉक्सवर 'खरी प्रत' म्हणून सही नाही, अशीच कारणं असतात.

पक्षकार सव्वाबाराला चेक घेऊन आला, एकच्या आत शपथपत्र झालं. तेवढ्यात उलटतपासाचा पुकारा झाला. जेवणाच्या सुट्टीत सह्या उरकल्या आणि पावणेतीनला ज्युनिअर खिडकीवर गेला. फाइल एकदा परत आलीच. टपालाच्या ट्रॅक रिपोर्टची प्रिंट मोबाइलच्या स्क्रीनशॉटवरून काढलेली, तिच्यात नोंदणी क्रमांक अर्धा कापलेला. पोस्टाच्या पावतीवरचा क्रमांक टाकून संगणकावरून नवी प्रिंट काढली. साडेतीनला दाखल क्रमांक मिळाला. ज्युनिअरने तो आणि पुढची तारीख तिथेच उभ्या उभ्या कव्हरवर आणि डायरीत लिहिली. पेन्सिलीची तारीख खोडून मेमो, नोटीस, पोच, कारण आणि शेवटचा दिवस या पाच तारखा पेनाने लिहिल्या, प्रत्येकीसमोर 'दिवस' की 'महिना' तेही.

उलटतपास त्या दिवशी संपला नाही. न्यायालय 18 तारीख देत होतं. डायरी उघडली तर त्या दिवशी आधीच एक युक्तिवाद, म्हणून 20 मागून घेतली.