तुम्ही विचारलंत म्हणून : उतरण्याची वेळ विमानाला आधीच कशी कळते?

निवृत्तीनंतर नाशिकला गंगापूर रोडवर राहायला आल्यापासून, मी विमान चालवत असे हे समजले की समोरचा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो : मुक्काम अजून दीड तास लांब असताना वैमानिक ‘आपण सात वाजून दहा मिनिटांनी उतरू’ असे कशाच्या जोरावर सांगतो? त्याला जोडून दुसरा, जरा दबक्या आवाजात : आणि इंधन पुरेल, हे कसे कळते?

दोन्हींचे उत्तर एकाच हिशेबात आहे आणि तो हिशेब फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर, म्हणजे आमच्या बोलण्यातला एफएमसी, करतो. मुंबईला निघालेल्या गाडीतला मोबाइल कसारा घाटातली कोंडी ओळखतो, ती पुढे असलेल्या गाड्यांच्या वेगावरून. विमानातला संगणक इतर विमानांकडे पाहत नाही. तो ठरलेल्या मार्गाचे एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत असे टप्पे पाडतो आणि त्या उंचीवर, त्या वेगाने, त्या वजनाच्या विमानाला प्रत्येक टप्प्यात किती वेळ लागेल व किती किलो इंधन जळेल, हे आपल्यात साठवलेल्या माहितीवरून काढतो. किलो हा शब्द मुद्दाम वापरला; तापमानाप्रमाणे इंधनाचे आकारमान बदलते, वजन बदलत नाही. इंधन जळेल तसे विमान हलके होते आणि हलक्या विमानाला इंधन कमी लागते, म्हणून प्रत्येक टप्प्याचा हिशेब मागच्या टप्प्याच्या उत्तरावर उभा असतो. ही आकडेमोड उड्डाणभर पुन्हा पुन्हा नव्याने होत राहते.

या हिशेबात सर्वांत लहरी असतो तो वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा झोत कित्येकदा ताशी १०० नॉटिकल मैलांच्या (एक नॉटिकल मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर) पुढे जातो. हवेतला वेग ताशी ४५० नॉटिकल मैल असलेले विमान त्याच्यासोबत निघाले तर जमिनीच्या हिशेबाने ५५०ने जाते आणि उलट दिशेने निघाले तर ३५०ने. त्यामुळे पुढच्या बिंदूंवरच्या वाऱ्याचे अंदाज संगणकाला आधी पुरवावे लागतात. उडाल्यावर तो स्वतः मोजलेला वाराही त्यात मिसळतो : जवळच्या टप्प्यांसाठी मोजलेल्या वाऱ्यावर भर, लांबच्या टप्प्यांसाठी अंदाजावर.

मी सहवैमानिक म्हणून नवा असताना जानेवारीतल्या एका सकाळी कोलकात्याहून दिल्लीला निघायचे होते. कळफलकावर मार्ग भरला, लोडशीटवरून, म्हणजे विमानातल्या वजनाच्या तक्त्यावरून, इंधनाशिवायचे वजन भरले आणि वाऱ्याचे पान तसेच सोडून दिले. पडद्यावर दिल्लीला उरणारे इंधन चांगले घसघशीत दिसत होते. कॅप्टनसाहेबांनी मांडीवरच्या छापील फ्लाइट प्लॅनवर बोट ठेवले, पडद्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “हे सातशे-आठशे किलो तुम्ही घरून आणलेत का?” वारा भरला नाही, म्हणून संगणकाने तो शून्य धरला होता. आकडे भरल्यावर उतरण्याची वेळ वीसेक मिनिटांनी पुढे सरकली आणि कागद व पडदा यांचे पटले. गणित पहिल्यांदाही बरोबरच होते, फक्त ते वारा नसलेल्या आकाशाचे होते. तेव्हापासून वाटेतल्या प्रत्येक बिंदूवर शिल्लक इंधन कागदाशी ताडून पाहण्याची सवय मला लागली, ती शेवटच्या उड्डाणापर्यंत सुटली नाही.

वेग किती ठेवायचा, हे कॉस्ट इंडेक्स नावाच्या एका आकड्यावर ठरते. वेळेचा खर्च आणि इंधनाचा खर्च यांचे ते गुणोत्तर असते. आकडा वाढवला की विमान लवकर पोहोचते आणि जास्त पिते.

उतरणीचा हिशेब मात्र उलटा, धावपट्टीपासून मागे मागे येत मांडलेला असतो. ३५,००० फुटांवरून, इंजिनांचा जोर जवळजवळ पूर्ण काढून खाली यायला साधारण १०० नॉटिकल मैल लागतात. नाशिकहून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ७५ नॉटिकल मैलांवर आहे, त्यामुळे आमच्या गच्चीवरून मुंबईकडे जाताना दिसणारे विमान बहुधा उतरायला लागलेले असते.

आणि नेमका इथेच सांगितलेला सात-दहाचा वायदा मोडतो. संगणकाला त्याला दिलेला मार्ग ठाऊक असतो, मुंबईच्या नियंत्रकाच्या मनातला नव्हे. नियंत्रकाने विमान बाजूला वळवले किंवा आकाशात घिरट्या घालत थांबायला सांगितले, तर ते आम्ही भरेपर्यंत पडद्यावर जुनीच वेळ राहते. घिरट्या भरल्या की बोइंगच्या विमानांत त्या पानावर आणखी एक आकडा येतो : राखीव इंधनाला हात न लावता अजून किती वेळ थांबता येईल. पावसाळ्यात मुंबईवर वाट पाहताना मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेला आकडा तोच.