तुम्ही विचारलंत म्हणून : खायचा नाही, तर मासा पकडता कशाला?

मी टेक्सासमध्ये राहते आणि बास या गोड्या पाण्यातल्या माशांच्या गळस्पर्धांत उतरते हे कळले, की नातेवाईक आणि इथली मराठी मंडळी एकच प्रश्न विचारतात : दिवसभर उन्हात उभे राहून धरलेला मासा शेवटी पाण्यातच सोडायचा, तर तो धरायचा कशाला? काहीजण पुढे विचारतात, की हे इथल्या लोकांत मिसळण्यासाठी चालले आहे का. त्याचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. मिसळण्याचे याहून सोपे आणि स्वस्त मार्ग पुष्कळ आहेत. पहिला प्रश्न मात्र हसत विचारला जात असला, तरी त्यात निष्कारण क्रौर्याचा आरोप असतो आणि तो मला लागतो.

मला या खेळात गुंतवले ते मासा शोधण्याने. वजनकाट्यावर पाचच मासे न्यायचे, त्यातला एकही 14 इंचांहून लहान नको आणि वेळ ठरलेली. तेव्हा वाऱ्याने बासचे खाद्य असलेले लहान शॅड मासे कोणत्या काठाकडे लोटले असतील, पाणी किती तापले आहे, धरणाचे दरवाजे उघडून प्रवाह कधी सुरू होईल, याचा अंदाज बांधत राहावे लागते. रबरी आमिष तळावरून सावकाश ओढताना चिखल संपून खडी लागली, की दोरीतून बोटांना बारीक खरखर जाणवते, आणि पुष्कळदा मासा त्या सीमेवरच असतो. न दिसणाऱ्या पाण्याबद्दल केलेला तर्क खरा ठरण्याचे हे सुख मला दुसऱ्या कशात मिळालेले नाही. टाकाहिरो ओमोरी जपानहून इथे आले आणि 2004 मध्ये बासमास्टर क्लासिक ही बासची सर्वांत मानाची स्पर्धा जिंकले. परक्या देशातले पाणीही शिकता येते, एवढा धीर मला त्यांच्यामुळे आला.

सोडण्याबद्दल मी पूर्वी ठणकावून सांगत असे. बास स्पर्धांची संघटना उभारणाऱ्या रे स्कॉट यांनी 1972 मध्ये स्पर्धेतले मासे जिवंत सोडण्याची मोहीम सुरू केली, तेव्हापासून मासा जगवणे हा खेळाचाच भाग झाला. बोटीत हवा खेळवलेली पाण्याची टाकी असते आणि मेलेल्या माशामागे वजन कापले जाते. म्हणून माशाला काही होत नाही, असे मी म्हणत असे.

मग सॅम रेबर्न जलाशयावरची ऑगस्टमधली ती स्पर्धा झाली. मी दुसऱ्या स्पर्धकाच्या बोटीवर मागच्या बाजूला उभी राहून गळ टाकत होते. उन्हामुळे मासे खोलात गेलेले होते आणि जवळजवळ 25 फुटांवरून मी एक मादी वर आणली. साडेसहा पौंडांहून जड, माझ्या हाती लागलेला आजवरचा सर्वांत मोठा मासा. टाकीत ठेवताच ती पोट वर करून तरंगू लागली. इतक्या खोलीवरून झटकन वर येताना दाब कमी होतो आणि माशाच्या पोटातली हवेची पिशवी, म्हणजे वाताशय, फुगतो, त्यामुळे माशाला तोल सांभाळता येत नाही. बोटीच्या मालकांनी तिला पाण्याखाली धरून कल्ल्यामागे एका खवल्याखालून पोकळ सुई तिरकी घातली, तेव्हा बारीक बुडबुडे निघाले. मी टाकीत बर्फ टाकला, पंप सतत चालू ठेवला आणि माझे गळ टाकणे थांबवले. ती सरळ झाली, कल्ले उघडमीट करू लागली, आणि मला वाटले की वाचली. परतताना लाटांवर बोट आपटत होती. किनाऱ्यावर झाकण उघडले, तेव्हा कल्ले थांबलेले होते. काट्यावरच्या माणसाने तिच्या अंगावरून बोट फिरवून मान हलवली आणि काही औंस कापले. तरीही माझा क्रमांक आला. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि मी ते पदक घेतले, कारण परत करून तिला काही उपयोग नव्हता, आणि खरे सांगायचे तर मला ते हवेही होते.

फोनवर आत्या म्हणाली, “मेलाच होता, तर निदान खायचा तरी.” त्यावर मी गप्प राहिले.

पूर्वीची मी आजही वाद घालते, की खाण्यासाठी मारलेले मासे संख्येने कितीतरी अधिक असतात आणि जलाशयाची काळजी इथले गळवालेच अधिक घेतात. दोन्ही मला पटते. पण सोडल्यावर पोहत गेलेला मासाही गरम पाण्यात दोन-चार दिवसांनी मरू शकतो, आणि तो कोणाच्याच वजनातून कापला जात नाही, हेही मला ठाऊक आहे. भर उन्हाळ्यातल्या स्पर्धा मी आता सोडल्या आहेत. मार्चमध्ये पाणी थंड असते आणि मासे उथळ जागी असतात, म्हणून ते बरे, असे म्हणावे तर तेव्हा नर घरट्यावर राखण करत असतो. त्याला काट्यावर नेईपर्यंत ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंडी खाऊन टाकतात. तरीही मार्चच्या स्पर्धेचे शुल्क मी भरले आहे, आणि तुम्ही पुढच्या वेळी हाच प्रश्न विचाराल, तेव्हा माझ्याजवळ याहून चांगले उत्तर असेलच, असे मी म्हणणार नाही.