गोधडी शिवायला लागतं काय?

जुनं सुती कापड, जाड दोरा, सुई आणि ऐसपैस जमीन. दोन खोल्यांच्या घरात यातली शेवटची गोष्टच सगळ्यात महाग. मागच्या हिवाळ्यात सोफा भिंतीला लावून सासूबाईंच्या हाताखाली मी पहिली गोधडी शिवली.

कापड धुऊन धुऊन मऊ झालेलंच हवं. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि शिवण खेचली जाते. सिंथेटिक साडी टाक्याखालून सरकते, ऊबही देत नाही. ट्रंकेतून दोन नऊवारी लुगडी निघाली. काठ जाड, सुईला दाद देत नाहीत, म्हणून कापून टाकले. लुगडं साधारण आठ मीटर. चौपदरी घडी घातली की दोन मीटर लांबी आणि चार थर आयतेच मिळतात. रुंदी कमी पडते, म्हणून दुसरं शेजारी जोडलं.

खरं कसब अंथरण्यात. तळहातानं मधून कडेकडे चुण्या काढत जायच्या, कोपऱ्यांवर वरवंटा, डबे, जे मिळेल ते ठेवायचं, मग लांब लांब कच्चे टाके घालायचे. हे फार कंटाळवाणं काम आहे. पण सासूबाई बजावत होत्या, “अगं, इथं घाई केलीस तर वर कितीही बारीक टाका घाल, पोट फुगणारच.”

मग धावदोरा, कडेपासून आत आत, दोन ओळींत बोटभर अंतर. सुई आडवी धरून तीन-चार टाके एकदमच तिच्यावर घ्यायचे, अंगुस्तानानं, म्हणजे बोटात घालायच्या टोपीनं, रेटायचं आणि दोरा ओढायचा. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंता होतो. गाठ थरांच्या आत लपवायची. ओढ अशी, की दोन ओळींमधलं कापड किंचित उचललं जावं. त्या बारीक फुगवट्यांत हवा अडकते आणि ऊब त्या हवेचीच असते. म्हणून दोरा करकचून आवळलेली गोधडी दिसायला नेटकी, पण पांघरायला थंड.

बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी याच धावदोऱ्यावर उभ्या आहेत, फक्त तिथं टाक्यांतून चित्रं उमटतात. सासूबाईंना चित्रांचं कौतुक नाही. माझ्या वाकड्या ओळींकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, “झोपेत कोण बघतंय!”

धुताना मात्र दोघं लागतात. ओली गोधडी एकटीच्यानं पिळली जात नाही, आणि आमच्या वॉशिंग मशीननं तर पहिल्याच फेरीत हात टेकले.